कान देऊन : भाच्याचा अल्बम कळला नाही, आता त्याला काय सांगू?

मागच्या अंकात मी ऑटेकर या प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या इंग्लंडच्या जोडीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे रॉब ब्राउन आणि शॉन बूथ, आणि त्यांचा २००१ चा ‘कॉन्फील्ड’ हा अल्बम मी पहिल्यांदा वीस मिनिटांत बंद केला आणि वर्षभराने परत लावला तेव्हा कुठे आत शिरता आलं, असं. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली, काही कुतूहलाची. पण सगळ्यात आधी परळच्या एका वाचकांचं पत्र घेते, कारण ते मला आठवडाभर डोक्यातून काढता आलं नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ६३, परळला राहतो, लालबागच्या एका भजनी मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. माझा भाचा भांडुपला असतो, २७ वर्षांचा आहे, लहानपणी सुट्टीत माझ्याकडे यायचा तेव्हा सा रे ग म मीच त्याच्या बोटांत बसवलं. आता तो जाहिरातींच्या साउंडचं काम करतो आणि रात्री जागून स्वतःचं संगीत करतो. गेल्या महिन्यात त्याचा अल्बम आला, सात ट्रॅक, ५२ मिनिटं. रविवारी सगळे जमलो, जेवणं झाल्यावर बहिणीने मोबाइल टेबलावर ठेवून लावला. नुसती खरखर, टिकटिक, मध्येच काहीच नाही, मग कुकरची शिट्टी ताणून लांबवल्यासारखं काहीतरी. दहा मिनिटांत पोरं उठून गेली, आम्ही मोठे शेवटपर्यंत बसलो. संपल्यावर बहीण म्हणाली छान आहे रे, मीपण म्हटलं छान आहे. तो जरासा हसला आणि बॅग उचलून गेला, तेव्हापासून फोन नाही. तो म्हणाला होता की यात तुझी पेटीपण आहे मामा, मला तर कुठेच ऐकू आली नाही. घरी येऊन मी माझ्या पेटीवर त्याचा सूर शोधायला बसलो तर तो कुठल्याच पट्टीत बसेना, पांढरी पाचच्या जवळ येतो पण बेसूर लागतो. त्याचा सूर चुकलाय का? लिंक पाठवतोय. मला त्याला फोन करायचाय पण काय बोलू ते सुचत नाहीये.

उत्तर : मीही तुम्हाला मामाच म्हणते. तुमचं पत्र आलं त्या रात्री मी तो अल्बम ऐकला, दुसऱ्या दिवशी परत ऐकला आणि हे लिहायला बसायच्या आधी तिसऱ्यांदा. मी बरीच वर्षं डबिंग स्टुडिओत काम केलंय, तेव्हाचे वायरवाले मोठे हेडफोन अजून आहेत माझ्याकडे, त्याच्यावर.

पहिलं सांगायचं ते हे की तुम्ही सगळ्यांनी मिळून अर्धाच अल्बम ऐकलाय. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो, खालचे खर्जातले सूर त्यातून जवळपास बाहेरच येत नाहीत. आपल्या नेहमीच्या गाण्यात ते फार जाणवत नाही कारण वरचे स्वरांश, म्हणजे एकाच सुराच्या पोटात दडलेले वरचे बारीक सूर, ऐकून कान खालचा सूर आपोआप भरून घेतो, पण तुमच्या भाच्याने खाली शुद्ध साइन वेव्ह ठेवल्यात, म्हणजे ज्याला वर काही स्वरांशच नाहीत असा सूर, आणि असा सूर त्या स्पीकरवर सरळ गायब होतो. त्यामुळे टेबलावर तुमच्यापर्यंत आली ती वरची खरखर आणि टिकटिक, तिच्याखाली पसरलेला जो सगळा मजला आहे तो आलाच नाही. आणि ज्या जागी तुम्हाला ‘काहीच नाही’ वाटलं ना, तिथे खाली सगळ्यात जास्त काहीतरी चाललंय.

आता सूर. सूर चुकलेला नाही मामा, उलट तुमचा कान एकदम बरोबर आहे, पांढरी पाचच्या जवळ पण जरा वर, अगदी तेच आहे ते. मी ट्यूनर लावून बघितलं. आपल्याकडे घरात येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी, आणि जुन्या ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर हे सगळे त्याच्या दुपटीत गुणगुणतात, १०० हर्ट्झला. तुमच्या पेटीची खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या आसपास येते. दोन हर्ट्झचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण खाली तो एका श्रुतीपेक्षा फार कमी नाही. तर त्याने सा पेटीवरून घेतलाच नाही, घरातल्या चोकवरून घेतलाय, आणि मग सातही ट्रॅक त्याच सा ला लावलेत. दुसऱ्या ट्रॅकमध्ये पहिली तीन मिनिटं फक्त तो चोक आहे आणि मग हळूच १५० हर्ट्झवर पंचम येतो, इतका शुद्ध पंचम की मी खुर्चीत सरळ होऊन बसले. आता सगळीकडे एलईडी आलेत, चोकवाली ट्यूब कुठे मिळाली असेल त्याला देव जाणे, मुद्दाम शोधत फिरला असणार.

आणि तुमची पेटी. ती चौथ्या ट्रॅकमध्ये आहे, साधारण दोन मिनिटं झाल्यावर. ओळखू आली नाही कारण त्याने ती चारपट सावकाश केलीय. आवाज निम्म्या वेगाने चालवला की एक सप्तक खाली जातो, चारपट सावकाश केला की दोन सप्तकं. तिथे जो समुद्रासारखा आवाज येतो-जातो तो तुमचा भाता आहे मामा, आणि मध्ये मध्ये लाकडावर लाकूड पडल्यासारखं वाजतं त्या पट्ट्या उचलल्याचे आवाज. तुमची मधल्या सप्तकातली पांढरी पाच, १९६ हर्ट्झची, दोन सप्तकं खाली येऊन ४९ हर्ट्झला येते आणि तिच्या शेजारी त्याने विजेचा ५० ठेवलाय. दोन सूर इतके जवळ आले की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार, तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा लावताना ऐकता तसा हेलकावा येतो, इथे सेकंदाला बरोब्बर एक. तानपुरा लावणारा माणूस तो हेलकावा जाईपर्यंत खुंटी पिळतो. तुमच्या भाच्याने तो तसाच ठेवलाय, सहा मिनिटं, आणि त्याच्यावरच सगळा ट्रॅक उभा केलाय. मामाची पेटी आणि घराची वीज एकमेकांना जुळत नाहीत आणि त्या न जुळण्यातूनच लय निघते. मला हा ट्रॅक मनापासून आवडला, अल्बममधला सगळ्यात चांगला आहे असं माझं मत.

हे असं करणारा तो पहिला नाहीये, आणि हे त्याला कमी लेखायला सांगत नाही, उलट त्याच्या मागे केवढी मोठी रांग आहे ते तुम्हाला कळावं म्हणून. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफेर नावाच्या रेडिओ इंजिनिअरने बातिन्योल स्टेशनात जाऊन वाफेच्या इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातून तीन मिनिटांच्या आतली एक रचना केली, ती रेडिओवर वाजली. टेपसुद्धा नव्हती त्याच्याकडे, तबकड्याच होत्या. जुन्या रेकॉर्डची सुई अडकून तेच तेच वाजायला लागायचं ते आठवतंय ना, आपण उठून हलकेच सुई पुढे सरकवायचो, तर शेफेरने तो अडकणारा खाचा मुद्दाम बनवला आणि त्यातून एकच तुकडा परत परत वाजवला. आज कुठल्याही गाण्यात लूप म्हणतात त्याचा एक मोठा उगम तिथे आहे. रोज लोकलच्या आवाजात वाढलेल्या मुंबईच्या माणसाला ती रचना परकी वाटू नये असं मला तरी वाटतं, रुळांचा सांधा आला की डबा कसा वाजतो हे आपल्याला झोपेतसुद्धा माहीत असतं.

आता फोनवर काय बोलायचं. ‘छान आहे’ एवढंच परत म्हणू नका. दोन वर्षं रात्री जागून केलेल्या कामाला छान आहे म्हटलं की पोराला कळतं की यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. स्टुडिओत मी हे खूप बघितलंय, वाईट बोललेलं माणूस पचवतो, एखाद वेळी भांडतो, पण ‘छान झालंय हां’ म्हणून विषय बदलला की तोंड पडतं. तुम्ही आधी चांगले हेडफोन घ्या कुणाकडून तरी, दिवे मालवा, चौथा ट्रॅक ऐका, मग पहिल्यापासून सगळा ऐका, हातात कागद-पेन्सिल ठेवा आणि जिथे काही वाटलं तिथला मिनिट लिहून ठेवा. कंटाळा आला तरी लिहा. मला तिसरा ट्रॅक नको तितका लांब वाटला, सातव्या मिनिटाला जे सांगायचं ते सांगून झालंय आणि तो अकरापर्यंत चालतो. पाचवा तर मला उसना वाटला, ऑटेकरच्या नव्वदच्या दशकातल्या कामाची सावली फार पडलीय त्यावर, तो तुमच्या भाच्याचा आवाज नाही. हे मी त्याला तोंडावर सांगेन, तुम्हीही सांगा, पण तुमचं सांगा, माझं नको. चाळीस वर्षं मंडळात बसून लय कुठे ढिली पडते आणि कुठे धरते हे जेवढं तुम्हाला कळतं तेवढं त्याच्या वयाच्या मित्रांपैकी किती जणांना कळत असेल? आणि जे नाही कळलं ते विचारा, नुसतं ‘हे काय होतं रे’ विचारलंत तरी तो तासभर बोलेल बघा.

मलाही त्याला एक विचारायचंय, तुम्हीच विचारून घ्या. सहाव्या ट्रॅकमध्ये आठव्या मिनिटाला पत्र्याच्या डब्यात कुणी नाणी मोजतंय असा आवाज डावीकडून उजवीकडे जातो. तीनदा ऐकला, मला नाही ओळखता आला. काय आहे ते कळवा.

प्रश्न : मी ठाण्यात तीस वर्षं गायन शिकवते. तुमच्या सांगण्यावरून तो ‘कॉन्फील्ड’ अल्बम पूर्ण ऐकला. सूर नाही, ताल नाही, भाव तर नाहीच. आपल्याकडे एवढी मोठी परंपरा असताना परदेशी यंत्रांच्या गोंगाटाला संगीत म्हणायचा अट्टहास कशाला?

उत्तर : बाई, तुम्ही पूर्ण ऐकलात याबद्दल आधी आभार, मी स्वतः पहिल्यांदा पूर्ण ऐकू शकले नव्हते.

तुम्ही रोज सकाळी तानपुरा लावता तेव्हा सूर जुळले तरी तुमचं काम संपत नाही ना. मग घोडीवर तारेखाली तो बारीक धागा सरकवत बसता, जरा इकडे, जरा तिकडे, आणि एका जागी तार एकदम उमलते, जवारी लागते. सूर तोच होता, पट्टी तीच होती, बदललं काय तर नाद, त्या एका सुराच्या पोटातले वरचे स्वरांश बाहेर आले. आता समजा एखाद्या माणसाने ठरवलं की मला फक्त तो धागा सरकवण्याचा क्षण घ्यायचाय, तासभर तोच, बंदिश नको, आलाप नको. बरंचसं प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत हे एवढंच करतं, नाद कसा बदलतो याच्यावर कान ठेवतं. तिथे आपण स्वरांची वाक्यं शोधायला गेलो तर रिकाम्या हाताने परत येणार. हे ऐकायला सगळ्यात तयार कान कुणाचे असतील तर ते तानपुऱ्याशेजारी आयुष्य काढलेल्या माणसांचे असं मला प्रामाणिकपणे वाटतं, म्हणून तुमच्या पत्राने मी जरा हिरमुसले.

ताल नाही म्हणालात, तर त्यात एक गोष्ट आहे ती सांगते. १९९४ साली ब्रिटनमध्ये सरकार एक कायदा आणत होतं, मोकळ्या जागेत रात्रभर चालणाऱ्या रेव्ह पार्ट्या बंद करायला, आणि त्यात पोलिसांनी कुठल्या संगीतावर कारवाई करायची त्याची व्याख्या अशी होती की ज्यात ठोके सतत पुनरावृत्त होतात ते. ऑटेकरने त्याच्या निषेधात एक ईपी, म्हणजे छोटा अल्बम, काढला आणि त्यातला एक ट्रॅक असा रचला की त्यातल्या कुठल्याही दोन आवर्तनांतले ठोके सारखे नाहीत. नाचता येतं त्याच्यावर, पण तोच ठोका परत येत नाही. म्हणजे ताल माहीत नसलेल्या माणसांचं काम नव्हे हे, तालाचं नीट गणित मांडून तो मोडलाय.

आणि परदेशी म्हणाल तर ते पूर्ण खरं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, तिथे बसवून दिला होता. गीता साराभाई त्यात होत्या, अतुल देसाई होते, आणखी काही जण. तिथल्या टेप्स कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या, त्यातल्या निवडक २०२३ मध्ये अल्बम म्हणून बाहेर आल्या. याच गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला होत्या तेव्हा जॉन केज यांना आपलं संगीत शिकवत होत्या आणि बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या. म्हणजे ज्या केज यांचं नाव जगभरचे प्रयोग करणारे संगीतकार घेतात त्यांनी आपल्या एका बाईंसमोर बसून शिकवणी घेतलीय.

आणि आपल्या मुंबईत काय झालं बघा. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेतली, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, आणि भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती टीबी-३०३ ची पेटी खरं तर बास गिटारच्या जागी वाजवायला काढलेली, जमली नाही, कंपनीने दोन-तीन वर्षांत बंद केली. पण तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, म्हणजे मींडच की, आणि चरणजित सिंग यांना ती बरोबर सापडली. तो अल्बम तेव्हा चालला नाही. मग १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी तीच यंत्रपेटी वापरून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार जगभर नेला, आणि २०१० मध्ये मुंबईची ती जुनी रेकॉर्ड परत निघाली तेव्हा लोक चक्रावून गेले की हे आधीच इथे झालं होतं. २०१५ साली ते मुंबईत वारले. त्यांना आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत का होईना श्रोते मिळाले, पण तीस वर्षं मधली गेली त्याचं मला फार वाईट वाटतं.

भावाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही. संध्याकाळी कुणी मारवा लावला की छातीत जे होतं ते मला ‘कॉन्फील्ड’ने कधी झालं नाही. तिथे मला जे होतं ते वेगळं आहे, पावसात गॅलरीत उभं राहून पत्र्यावरचा आवाज ऐकताना होतं तसलं काहीतरी. त्याला भाव म्हणायचं का हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : मी डोंबिवलीला इंजिनिअरिंग करतो, तबला पण शिकतो. तुम्ही लिहिलंत की ऑटेकर स्वतः प्रोग्रॅम बनवतात आणि तो प्रोग्रॅम संगीत तयार करतो. मग कलाकाराने काय केलं? आणि आता तर एआय आहे, बटण दाबलं की अल्बम.

उत्तर : तू तबला शिकतोस म्हणून तुला सांगणं सोपं आहे. गुरुजींनी तुला धा धा तिट धा धा ती ना हा कायदा दिला असेल. दिलं काय त्यांनी, तर थोडे बोल आणि एक नियम, की पलटा, म्हणजे बोलांची उलटापालट, करताना याच बोलांतून करायचा, बाहेरचा बोल आणायचा नाही, खाली-भरी सांभाळायची. त्यातून तासभर वाजवता येतं. नियमातून शंभर पलटे निघतात, पण त्यातला कुठला वाजवायचा, कधी तिहाई घ्यायची, कुठे थांबायचं, हे वाजवणारा ठरवतो आणि तिथेच बरा आणि थोर यातला फरक पडतो. ऑटेकर मॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात, ते १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम संस्थेत मिलर पकेट यांनी सुरू केलेलं, त्यात तू खोके जोडून स्वतःचे कायदे बनवतोस आणि ते चालू असताना हाताने हलवतोसही. २०१८ मध्ये त्यांनी लंडनच्या एका रेडिओसाठी आठ तासांचं संगीत दिलं, आठ तास, आणि ते ऐकताना सतत कळतं की कुणीतरी बसून निवडतंय.

एआयचं म्हणशील तर प्रश्न तोच, कायदा कुणी दिला आणि पलटा कुणी निवडला. हॉली हर्नडन या बाईंनी २०१९ च्या अल्बममध्ये एआय वापरलं, पण त्याला स्वतःचा आणि आपल्याबरोबर गाणाऱ्या माणसांचा आवाज शिकवला, सगळ्यांना विचारून, समोर बसवून. ते ऐक. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या गाण्यांवर न विचारता शिकवलेल्या यंत्राकडून बटण दाबून काढलेला अल्बम माझ्याकडे आला तर मी तो लावणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

मॅक्स महाग वाटलं तर त्याच पकेट यांचं प्युअर डेटा फुकट मिळतं. एक कायदा त्यात बसवून बघ, गंमत येईल.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? विरार ते चर्चगेट दीड तास मिळतो, लोकलमध्ये ऐकलं तर चालेल? (वसई-विरारच्या एक वाचक)

उत्तर : लोकलमध्ये नको. गाडीचा आवाज बारीकसारीक सगळं गिळतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवत जातो आणि कान जातात. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात, पण वर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. घरीच ऐका, रात्री. आधी चरणजित सिंग यांचा यमन, कारण यमन ओळखीचा आहे. मग शेफेरची ती आगगाडीची रचना, चहा उकळेपर्यंत संपते. मग एफेक्स ट्विन नावाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा १९९२ चा अँबियंट, म्हणजे खोलीभर शांत पसरणाऱ्या, कामांचा अल्बम, त्यात चाली आहेत, मऊ आहे. ऑटेकरचा घ्यायचा तर आधी १९९५ चा ‘ट्राय रिपेटे’, त्यात ठेका हाताला लागतो. ‘कॉन्फील्ड’ सगळ्यात शेवटी, आणि नाही आवडला तर राहू दे.

प्रश्न : माझं वय ७८, गिरगावात असते. नात असलं संगीत ऐकते. मला कानाचं मशीन आहे. तिने हेडफोन लावून दिले तर मशीन शिट्टी मारायला लागलं. काढून ऐकलं तर नुसतं घुंऽऽ ऐकू आलं, पण ते घुं मला आवडलं, देवळात घंटा वाजून गेल्यावर मागे राहतं तसं. या वयात असलं ऐकायचं असतं का?

उत्तर : आजी, घंटेचं जे तुम्ही लिहिलंत ना, त्या मागे राहिलेल्या आवाजासाठी कितीतरी संगीतकारांनी आयुष्य घातलंय, तेव्हा ऐकायचं असतंच.

शिट्टी येते कारण हेडफोन कानावर दाबला की मशीनचा आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरतो. नातीला सांगा कानाला पूर्ण झाकणारे मोठे, सैल हेडफोन आणायला, किंवा तुमचं मशीन ब्लूटूथचं असेल तर सरळ त्यातच आवाज पाठवता येतो. वयाने आधी वरचे बारीक आवाज जातात, खालचे बरेच दिवस राहतात, म्हणून तुम्हाला घुं ऐकू आलं, आणि या संगीतात घुंलाच खूप काम असतं. दुसरं म्हणजे ही मशीनं बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेली असतात, त्यांना एकसारखा चालणारा सूर गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्टकडे जाल तेव्हा ‘म्युझिक प्रोग्राम’ लावून द्या म्हणून सांगा, बऱ्याच मशीनमध्ये तो असतो, फक्त कुणी मागत नाही.

नातीला एफेक्स ट्विनचाच १९९४ चा दुसरा अँबियंट अल्बम लावायला सांगा, त्यात बहुतेक ठिकाणी ठेका नाही, सावकाश आहे सगळं. आणि मशीन काढूनच ऐकायचं असेल तर मोठा स्पीकर लाकडी कपाटावर ठेवायला लावा आणि कपाटाला तळहात टेकून बसा, खालचे सूर हाताला कळतात.